रांगणा एका दिवसात: आखणी संध्याकाळकडून करा

शिवाजी पेठेतून रांगणा किल्ला एका दिवसात होतो. पण कोल्हापूरच्या आसपास दिवसभरात होणाऱ्या भटकंतीत हा सर्वांत दमवणारा बेत आहे. चढ फार नाही, अंतर खूप आहे आणि त्यातलं बरंचसं दाट जंगलातून जातं. निवृत्ती चौकात रात्री अकराला ठरलं, पहाटे निघाले आणि दुपारी बाराला पाटगावात चहा घेत बसले, असे बेत बहुतेक चिक्केवाडीच्या वाटेवरच संपतात. पाय धडधाकट असूनही वेळ पुरत नाही.

म्हणून आखणी संध्याकाळकडून मागे मोजत करा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जंगलात त्याआधी अर्धा तास काळोख दाटतो. त्यामुळे पाचला भटवाडीत, म्हणजे गाडीजवळ, पोचायलाच हवं. परतीला तीन तास धरले तर दुपारी दोन ही गड सोडण्याची शेवटची वेळ झाली. जाताना थांबे धरून तीन तास लागतात. तेव्हा साडेसातला पायी निघालं तर साडेदहापर्यंत गडावर पोचता येतं आणि पाहायला तीन-साडेतीन तास निवांत मिळतात. दुपारी बारापर्यंत गडाचा पहिला दरवाजा गाठला नाही तर असाल तिथून मागे फिरा. हा नियम निघण्याआधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या, कारण गडाचा बुरूज समोर दिसू लागला की कुणीच ऐकत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपड्यांकडे जाणाऱ्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर चालण्याचा वेळ लिहिलेला असतो आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने 1892 मध्ये असाच एक हिशेब घालून दिला: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या दगडधोंड्यांच्या, पालापाचोळ्याच्या वाटेवर त्यात निम्म्याने भर घाला. चाल ठरवायची ती गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाची.

पेठेतून पहाटे साडेचारला निघा. कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा, गारगोटी, कडगाव, पाटगाव असा रस्ता आहे आणि पाटगावपर्यंत अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. गळीत हंगामात बिद्रीच्या पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर रांगेने चाललेले असतात. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही. दुचाकीवरून जाणाऱ्यांनी इथे घाई करू नये. एसटीने जाऊन त्याच दिवशी परत यायचा विचार सोडून द्या, वेळा जुळत नाहीत. पाटगावात मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिण दिग्विजयाला निघण्यापूर्वी शिवछत्रपतींनी त्यांचं दर्शन घेतलं, अशी परंपरा सांगतात. मठ परतीच्या वाटेवर पाहा.

पाटगावच्या पुढे भटवाडी, आणि तिथून चिक्केवाडीपर्यंत कच्चा, जीपचा रस्ता आहे. साधी मोटार त्यावर घालू नका, भटवाडीतच लावा. गावात कुणाची जीप मिळाली तर वेळ वाचतो, आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर ती घ्यावीच. वाटाड्याही गावातूनच घ्या. या रानात गुरांच्या आणि गव्यांच्या वाटा पायवाटेसारख्याच दिसतात, नवखा माणूस त्यांवर सहज भरकटतो. गवा दिसला तर जागीच थांबा, आवाज न करता मागे सरा आणि त्याला वाट द्या. कळपापेक्षा एकटा नर अधिक धोक्याचा. आग्या मोहोळंही या भागात आहेत, म्हणून अत्तर, सेंट आणि विडी-सिगारेट घरी ठेवा.

चिक्केवाडीच्या पुढे झाडी संपते आणि गड एकदम समोर येतो. सह्याद्रीच्या मुख्य धारेशी तो एका अरुंद खिंडीने जोडलेला आहे. बाकी बाजूंना कडे सरळ कोकणात उतरतात. खिंडीतून गणेश दरवाजा, मग हनुमंत दरवाजा असं चढत जायचं. आत निंबाळकर बावडी आणि वाड्याचे अवशेष आहेत, पुढे मोठा तलाव आणि रांगणाई देवीचं मंदिर. शाहू महाराजांनी 1708 मध्ये या गडाला वेढा दिला होता. रामचंद्रपंत अमात्यांनी गड लढवला आणि पावसाळा आल्यावर वेढा उठला. दरवाज्यात उभं राहून एकदा खाली पाहिलं की फौजेला इथे पावसात तग धरणं का जमलं नाही ते कळतं.

रांगणाईचं मंदिर हाच इथला आसरा. विष्णू आणि भैरव यांच्यामध्ये देवी शस्त्रं घेऊन उभी आहे, समोर दीपमाळ आहे. वीसेक माणसं आत दाटीवाटीने राहू शकतात. आल्प्समधल्या झोपडीत राखणदार गरम सूप देतो. इथे मिळतं फक्त छप्पर. म्हणून पाठपिशवी त्याच हिशेबाने भरा. माणशी तीन लिटर पाणी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, भडंग. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी, मोबाइलचा टॉर्च तिची जागा घेत नाही. एक पातळ चादरही असू द्या, कुणाचा पाय मुरगळलाच तर देवळात रात्र काढावी लागेल.

पावसाळ्यात हा बेत करू नका. ओढ्यांना अचानक पाणी येतं आणि पलीकडे गेलेले पलीकडेच अडकतात. असे प्रकार इथे घडलेले आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. त्या दिवसांत गवतातून गोचीड अंगावर चढतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब विजार घाला. शेजारच्या सिंधुदुर्गात 2016 पासून माकडताप आढळलेला आहे. आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर जंगलात जाऊन आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कोकणातून, कुडाळ तालुक्यातल्या नारूर गावातूनही वाट आहे आणि खरी चढाई तिकडून आहे. मात्र कोल्हापुरातून जाऊन-येऊन एका दिवसात ती करायची म्हणजे गाडीतच दिवस संपेल. तिच्यासाठी वेगळा मुक्काम ठरवा.

रंकाळ्याच्या फेऱ्या रोज मारत असाल तरी तेवढ्यावर विसंबू नका, तो सपाट रस्ता आहे. आधी पाठपिशवी घेऊन जोतिबाचा डोंगर पायी चढा, नंतर एका रविवारी पन्हाळ्याहून मसाई पठार करून या. पठारावर दुपारनंतर ज्याची चाल निम्म्यावर येते त्याला रांगण्याला नेण्याची घाई करू नका. महिनाभर थांबा, गड कुठे जात नाही.

निघताना घरी एक कागद ठेवा. त्यावर बरोबर कोण कोण आहे, गाडीचा नंबर, भटवाडीत कुणाच्या दारात गाडी लावणार आणि रात्री किती वाजता परत येणार एवढं लिहा. जंगलात मोबाइलला रेंज भरवशाची नाही, म्हणून उशीर झाला तर कळवू असं सांगून निघू नका. लिहिलेल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर आधी भटवाडीत आणि मग 112 वर कळवायचं, हे घरच्यांना नीट समजावून सांगा.