सोडवणे आणि सोडणे

विद्यार्थी मित्रांनो, ‘सोडवणे’ आणि ‘सोडणे’ ही दोन क्रियापदे तुम्हांला ठाऊक आहेत. दोघांत फरक फक्त एका ‘व’चा; पण अर्थ किती वेगळे! प्रश्न सोडवणे म्हणजे त्याचे उत्तर शोधून काढणे. प्रश्न सोडणे म्हणजे तो तसाच ठेवून पुढे जाणे. पहिले क्रियापद आपण शाळेत रोज गिरवतो. दुसरे मात्र कुणी मुद्दाम शिकवत नाही. मोठ्या परीक्षेत या दोन्हींची गरज पडते. ती कशी, हे या पाठात पाहू.

समजा, तुम्ही घाटकोपरला राहता. तुमची आपा बी.कॉम. झाली आहे. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिला आता एम.बी.ए. करायचे आहे. त्यासाठी महाराष्ट्रात राज्य शासनाचा सी.ई.टी. कक्ष प्रवेश परीक्षा घेतो. ही परीक्षा संगणकावर होते. 2025 साली या परीक्षेत 200 प्रश्न होते आणि वेळ होता 150 मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते.

आता वही घ्या आणि हिशेब करा. 150 मिनिटे म्हणजे 9000 सेकंद. त्यांना 200 ने भागा. उत्तर आले 45. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला फक्त 45 सेकंद! तेवढ्यात प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा आणि उत्तरही द्यायचे. हा आकडा पाहून कुणालाही घाम फुटेल. पण हा हिशेब परीक्षेच्या खोलीत न करता घरीच केला, तर भीती अर्धी होते.

आपाचे केंद्र अंधेरीला आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, म्हणून ती आदल्या दिवशीच सगळी तयारी करते. प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि पेन एका पिशवीत ठेवते. घाटकोपरहून अंधेरीला जायला 2014 पासून मेट्रो आहे, त्यामुळे दादरला जाऊन गाडी बदलावी लागत नाही. परीक्षा रविवारी असेल, तर रेल्वेचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे, हेही पाहून ठेवावे लागते. मुंबईत पाच मिनिटांच्या प्रवासाला पंधरा मिनिटे लागू शकतात. म्हणून आपा एक तास हाताशी ठेवून निघते. धावतपळत पोचलेल्या माणसाचे मन खुर्चीत बसल्यावरही धावतच असते.

परीक्षा सुरू होते. पहिले दहा प्रश्न झटपट सुटतात. अकराव्या प्रश्नावर मात्र आपा अडते. गणित ओळखीचे वाटते, पण उत्तर कोणत्याच पर्यायाशी जुळत नाही. ती पुन्हा आकडेमोड करते. पुन्हा जुळत नाही. “एवढा वेळ घातला आहे, आता हा सोडायचा कसा?” असे तिला वाटते. शेजारच्या माउसची टकटक तिला मोठी वाटू लागते. पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहते, तो सहा मिनिटे गेलेली! सहा मिनिटे म्हणजे आठ प्रश्नांचा वेळ. एका गुणाच्या मागे लागून आठ गुण पणाला लागले.

तिचे हृदय धडधडू लागते. तळहात ओले होतात. वाचलेले वाक्य डोक्यात शिरत नाही. असे का होते? संकट आले असे मेंदूला वाटले, की शरीरात ॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो. वाघ समोर आला, तर पळायला ही तयारी उपयोगी पडते. पण समोर वाघ नाही, प्रश्न आहे. त्याच्यापासून पळून चालत नाही.

अशा वेळी आपा एक साधी गोष्ट करते. माउसवरचा हात काढते. पाय जमिनीवर नीट टेकवते. हळूच श्वास घेते आणि घेतला त्याहून सावकाश सोडते. असे चार-पाच वेळा करते. श्वास सावकाश सोडला, की हृदयाचे ठोके मंदावतात. यात अर्धे मिनिट जाते. पण घाबरलेल्या मनाने घालवलेल्या दहा मिनिटांपेक्षा हे अर्धे मिनिट फार स्वस्त आहे.

मग ती अकराव्या प्रश्नावर ‘नंतर पाहू’ अशी खूण करते आणि पुढे जाते. घरून ठरवून आणलेला बेत तिला आठवतो. पहिल्या फेरीला 100 मिनिटे. या फेरीत सरासरी 30 सेकंदांनी एक प्रश्न मागे टाकत शेवटपर्यंत जायचे. सोपा असेल तो सोडवायचा, अवघड असेल तो सोडायचा. दुसऱ्या फेरीला 40 मिनिटे. खूण केलेल्या प्रश्नांपैकी जे जमतील ते सोडवायचे. उरलेल्या 10 मिनिटांत रिकाम्या जागी विचार करून एखादा पर्याय निवडायचा. कारण येथे चुकीला दंड नाही.

बाहेर अम्मी वाट पाहत असते. ती विचारते, “सगळे प्रश्न सोडवलेस ना?”

आपा म्हणते, “नाही, अम्मी. काही सोडवले, काही सोडले. पण एकही रिकामा ठेवला नाही.”

मित्रांनो, प्रत्येक परीक्षेचा नियम मात्र असाच असतो असे नाही. एम.टेक.ला जाण्यासाठी ‘गेट’ नावाची परीक्षा असते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आय.आय.टी. ती आळीपाळीने घेतात. आपल्या पवईची आय.आय.टी. 1958 साली स्थापन झाली. 2021 ची ‘गेट’ परीक्षा तिनेच घेतली होती. या परीक्षेत 65 प्रश्न आणि 180 मिनिटे असतात. एका गुणाच्या, चारपैकी एक पर्याय निवडायच्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर एक तृतीयांश गुण कापला जातो.

येथे डोळे मिटून उत्तरे दिली तर काय होईल? असे चार प्रश्न घ्या. सरासरीने एक बरोबर येईल, एक गुण मिळेल. तीन चुकतील, तीन वेळा एक तृतीयांश, म्हणजे एक गुण जाईल. हाती काय उरले? शून्य! पण दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे ओळखता आले, तर चारांपैकी दोन बरोबर येण्याची आशा असते. मग अंदाज फायद्याचा ठरतो. म्हणून परीक्षेआधी अभ्यासाइतकेच नियमही नीट वाचावेत.

या परीक्षा तुमच्यापासून अजून दूर आहेत. पण सवय आजच लावता येते. दहावीच्या गणित भाग 1 ला 40 गुण आणि 2 तास असतात. म्हणजे एका गुणाला 3 मिनिटे. पुढच्या चाचणीत घड्याळ समोर ठेवा. दोन गुणांच्या प्रश्नाला दहा मिनिटे गेली, तर पेन उचला, शांतपणे श्वास सोडा आणि पुढच्या प्रश्नाकडे जा. सोडलेला प्रश्न कोठे पळून जात नाही. तो तेथेच तुमची वाट पाहत असतो. गेलेला वेळ मात्र परत येत नाही.

शब्दार्थ
गिरवणे – पुन्हा पुन्हा करून शिकणे
पणाला लागणे – गमावण्याचा धोका निर्माण होणे
बेत – आधी ठरवलेली योजना
आळीपाळीने – एकामागून एक, पाळीपाळीने
दंड – शिक्षा

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपा आदल्या दिवशी पिशवीत काय काय ठेवते?
(आ) अकराव्या प्रश्नावर आपाची किती मिनिटे गेली?
2. कारणे द्या.
(अ) आपाने सी.ई.टी.त एकही प्रश्न रिकामा ठेवला नाही.
(आ) ‘गेट’मध्ये डोळे मिटून उत्तरे देऊन फायदा होत नाही.
3. ‘सोडणे’, ‘सोडवणे’ आणि ‘सुटणे’ ही क्रियापदे वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
4. तुमच्या पुढच्या चाचणीसाठी वेळेचा बेत तयार करा आणि वर्गात वाचून दाखवा.