घोट्याजवळची जखम आणि घट्ट पट्टी

प्रश्न : बाबा निवृत्त एसटी वाहक. घोट्याच्या आतल्या बाजूची जखम आठ महिने भरत नाही. घट्ट पट्टीने रक्त अडणार नाही का?

उत्तर : अशा जखमेचे मूळ बहुतेकदा शिरांत असते. झडपा निकामी झाल्या की रक्त वर चढण्याऐवजी पायातच साचते, घोटा सुजतो, कातडी काळवंडते आणि साधे खरचटलेलेही चिघळते. नुसती मलमे बदलून भागत नाही. साचलेले रक्त वर ढकलायला दाबच हवा : घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर पारा, गुडघ्याकडे कमी होत जाणारा. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात विकसित झालेल्या चार थरांच्या पट्टीत आधी मऊ कापूस येतो. पट्टी बोटांच्या मुळापासून, टाच झाकत, गुडघ्याखालपर्यंत जाते.

भीती मात्र रास्त आहे. धमन्याच अरुंद असतील तर हाच दाब पाय गमावण्याची वेळ आणू शकतो. म्हणून आधी डॉप्लर यंत्राने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात, गुणोत्तर ०.८ च्या खाली असल्यास पूर्ण दाब देत नाहीत. मधुमेहींत हा आकडा फसवा निघतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा.

बोटे निळी पडली, बधिर झाली तर पट्टी लगेच सोडावी.

शिरांवरचा उपचारही लांबवू नये. २०१८ च्या ब्रिटिश चाचणीत पट्टीसोबत तो लवकर झालेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, उशिरा झालेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत.