आपले गाव भिलार : तालुका एक, मतदारसंघ दुसरा

आपल्या गावाचे नाव भिलार. ते सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यात आहे. येथे स्ट्रॉबेरी पिकते. ४ मे २०१७ पासून आपल्या गावाला ‘पुस्तकांचे गाव’ म्हणतात, हे सर्वांना ठाऊकच आहे. पण आपले गाव सरकारी कागदावर कोठे कोठे मोडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. त्यामुळे माझ्या आजीला हेलपाटा पडला. ती हकिगत आधी सांगते.

आजीला उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. ती म्हणाली, “म्हाबळेश्वरला जाया पायजे.” मी तिचे मतदानाचे कार्ड हातात घेतले. त्यावर ‘२५६ – वाई’ असे छापले होते. मी म्हणाले, “आजी, आपले गाव वाईत आहे. हे बघ, छापलंय.” आजीला वाचता येत नाही. ती म्हणाली, “तू शाळंत जातीस, तुजंच खरं असंल.” आणि ती पसरणी घाट उतरून एस. टी. ने वाईला गेली. तेथे तिला सांगितले की, तुमचे काम महाबळेश्वरला होईल. त्या दिवशी खुरपणीची मजुरी बुडाली, भाडे गेले. आजी मला काहीच बोलली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावले. ते असे :

एका गावाला दोन पत्ते असतात. एक कामाचा व एक मताचा.

कामाचा पत्ता – भिलार, तालुका महाबळेश्वर, जिल्हा सातारा. सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत. महाबळेश्वर हा त्यांपैकी एक.

मताचा पत्ता – वाई विधानसभा मतदारसंघ. एका आमदारासाठी पुष्कळ मतदार लागतात. आपला तालुका लहान आहे. म्हणून वाई, खंडाळा आणि महाबळेश्वर हे तीन तालुके मिळून एक मतदारसंघ केला आहे व त्याला वाई हे नाव दिले आहे. त्याचा क्रमांक २५६. महाराष्ट्रात असे २८८ मतदारसंघ आहेत. आपल्याकडे मागचे विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले.

खासदारासाठी आपला मतदारसंघ सातारा आहे. पण गंमत अशी की, फलटण आणि माण हे तालुके आपल्याच जिल्ह्यात असून ते लोकसभेला माढा मतदारसंघात आहेत. माढा तर सोलापूर जिल्ह्यात! म्हणजे अशी चूक त्यांच्याकडचीही एखादी मुलगी करू शकेल.

आता कोणते काम कोठे, ते लिहिते :

१) जन्माची व मृत्यूची नोंद, घरपट्टी – ग्रामपंचायत.
२) सातबारा – तलाठी भाऊसाहेब. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.)
३) उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड – महाबळेश्वरचे तहसील कार्यालय.
४) आपली शाळा – जिल्हा परिषद, सातारा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या.

ग्रामपंचायतीची निवडणूक पाच वर्षांनी असते. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असतात. ग्रामसभेत तर गावातला प्रत्येक मतदार बसू शकतो आणि प्रश्न विचारू शकतो. मतदार होण्यास १८ वर्षे पूर्ण लागतात. १९८९ पूर्वी २१ लागत असत. मला अजून आठ वर्षे आहेत.

नंतर मी आजीचे कार्ड पुन्हा वाचले. त्याच कार्डावर पत्त्यामध्ये ‘महाबळेश्वर’ स्पष्ट लिहिले होते. मी ती ओळ वाचलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात आजी महाबळेश्वरला गेली व दाखला घेऊन आली. मला म्हणाली, “वाचाया येतं त्यानं समदं वाचावं, अर्धं न्हाय.”

म्हणून मित्रमैत्रिणींनो, घरातील मोठी माणसे आपल्यावर विश्वास ठेवतात. त्यांना कागद वाचून दाखवाल तेव्हा सगळ्या ओळी वाचा. आणि पालकांनो, वरची यादी वहीत उतरवून न्या, म्हणजे मजुरी बुडणार नाही.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी