मनाच्या गोळ्या सोडायच्या, पण पायरी-पायरीनं

मैत्रिणींनो, बीपी-शुगरच्या गोळ्यांबद्दल आपण गटात मोकळेपणानं बोलतो. उदासपणाच्या, म्हणजे नैराश्याच्या गोळ्या मात्र पदराआड ठेवतो. मग त्या बंदही गुपचूप होतात. कधी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून, कधी पैसे संपले म्हणून, तर कधी घरचे ‘वेड्याच्या गोळ्या कशाला?’ म्हणाले म्हणून. गोळ्या सोडायला हरकत नाही, पण त्या डॉक्टरांना विचारूनच सोडायच्या.

एकदम बंद केल्या तर?
काही आठवडे गोळी घेतली की मेंदूला तिची सवय होते. ती अचानक थांबवली तर बहुधा दोन-चार दिवसांतच चक्कर, मळमळ, झोपमोड, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो. सगळ्यांनाच होतो असं नाही. हे व्यसनही नव्हे, कारण दारूसारखी तलफ लागत नाही.

काही आठवड्यांनी, महिन्यांनी हळूहळू रडू येऊ लागलं, कशात मन लागेना, तर आजार परत आलेला असू शकतो. यातलं नेमकं काय, ते डॉक्टरच ओळखतील.

कधी आणि कशा सोडायच्या?
आजार पहिल्यांदाच झाला असेल, तर बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळ्या चालू ठेवतात. वरचेवर होत असेल तर जास्त काळ. नंतर डॉक्टर डोस थोडा कमी करतात, काही आठवडे बघतात, मग पुढची पायरी. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान ठेवाव्या लागतात.

फ्लुऑक्सेटिन शरीरात बरेच दिवस राहतं, पॅरॉक्सेटिन लवकर उतरतं. म्हणून शेजारणीचं वेळापत्रक आपल्याला चालत नाही. मनानं गोळी तोडू नका, एक दिवसाआड घेऊ नका. दिवस गेले असतील तरी घाबरून बंद करू नका, आधी विचारा.

कुठे जायचं?
पुण्यात ससून रुग्णालय, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि औंधचं जिल्हा रुग्णालय इथे मनोविकारतज्ज्ञ भेटतात. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. कोणी ‘जगणं नको’ म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका. लगेच फोन लावा, दवाखान्यात न्या.

गटानं काय करायचं?
- ताईनं सांगितलेली गोष्ट बैठकीबाहेर जाऊ देऊ नका.
- ‘सोड’ किंवा ‘घे’ असा सल्ला देऊ नका.
- दवाखान्यात सोबत जा. गोळ्या संपत आल्या आणि हातात पैसे नसतील, तर गटातून छोटं कर्ज द्या.
- डोस कधी कमी केला, त्यानंतर कसं वाटलं, हे तारखेनिशी वहीत लिहायला तिला मदत करा. डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं.

हप्ता चुकू नये म्हणून आपण एकमेकींना आठवण करतो. गोळीसाठीही तशीच करूया.