मेंढरं पुण्यातून काढताना

पोरा, दिवाळी झाली की यंदा वाडा तू कोकणात नेणार. मुळशी, ताम्हिणी आपल्या मेंढरांच्या पायाखालचं आहे. बोपदेव घाट उतरल्यापासून चांदणी चौकापर्यंतचं मात्र नीट ऐक.

कोंढवा, कात्रज, वारजे ही पूर्वी गावं होती. निघालेल्या पिकाच्या रानात आपण मेंढरं बसवायचो, शेतकरी खतापायी धान्य द्यायचा. 1997 साली ती महापालिकेत गेली, पुढं रानंही बांधकामाखाली गेली. तेव्हा शहरात तळ टाकू नको. घाटाच्या अलीकडंच पोटभर चारून, पाणी पाजून घे आणि रात्रीची गर्दी ओसरली की हल. भुकेलं मेंढरू कचऱ्याच्या ढिगात तोंड घालतं, शिळ्या अन्नाबरोबर पिशवी गिळतं. ती पोटात अडकली की रवंथ बंद पडतो, जनावर डोळ्यांदेखत वाळत जातं.

कोकरं टेम्पोत घालून बायकांबरोबर पुढं लाव. मागं ठेवलीस तर त्यांच्या आया ओरडत माघारी फिरतील.

खरी भीती नवले पुलाची. नव्या कात्रज बोगद्यापासून तिथवर सलग उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी तिथं किती जीव घेतलेत! मुख्य रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, सेवा रस्ता धरायचा. पुलाखालच्या अंधारातून उजेडात येताना पुढची मेंढी थबकते. सांडलेलं पाणी चमकलं तरी थबकते. अशा वेळी मागनं रेटू नको, काठी उगारू नको. एखादी बिचकून दुभाजकावर चढली की तिच्यामागं सगळा कळप उड्या घेतो. शेळी पुढं घाल, तिचा कान धरून चार पावलं तू चाल. मेंढरं आपसूक येतात.

पोरांना पुढं चालायची हौस असते, पण सगळ्यात जाणता माणूस मागं ठेव. गाडीवाल्याला आधी तोच दिसतो, म्हणून त्याच्या हातात बॅटरी हवी. लंगडणारं मेंढरूही त्याच्याच नजरेला पडतं. कळपाची चाल त्या लंगड्याच्या पायानं ठरव. उजाडलं, उशीर झाला म्हणून पळवू नको. गाभण मेंढ्या गाभ टाकतील.

मोजणी चांदणी चौकात नको, तिथं वाहनं उसंत देत नाहीत. पिरंगुटच्या पुढं मोकळं रान बघून कर. एखादं कमी भरलं तर एकानं मोटारसायकलवर मागं जायचं, कळप वळवायचा नाही.