वाइनमधील जैवजनित अमाइन्स आणि सुरक्षिततेची मानके

महाराष्ट्र शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि नाशिक परिसरात वाइननिर्मितीचा विस्तार झाला. द्राक्षांवरील कीटकनाशकांच्या अवशेषांची चर्चा निर्यातीच्या निमित्ताने पुष्कळ झाली आहे. किण्वनात तयार होणाऱ्या जैवजनित अमाइन्सकडे मात्र आपल्याकडे अभावानेच लक्ष जाते.

अमिनो आम्लातील कार्बोक्सिल गट जीवाणूंच्या विकरांमुळे निघून गेला की अमाइन उरते. हिस्टिडीनपासून हिस्टामिन आणि टायरोसिनपासून टायरामिन बनते. वाइनमध्ये ही क्रिया प्रामुख्याने दुसऱ्या किण्वनात, म्हणजे लॅक्टिक जीवाणू मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात तेव्हा, घडते. तांबड्या वाइनमध्ये हे किण्वन बहुधा केले जातेच. म्हणून तिच्यात अमाइन्स पांढऱ्या वाइनपेक्षा सामान्यतः अधिक आढळतात. उष्ण हवेत पिकलेल्या द्राक्षांची आम्लता घटते, सामू वाढतो आणि नको असलेल्या जीवाणूंना वाव मिळतो. नाशिकच्या उत्पादकांनी ही बाब विशेष ध्यानात घ्यावी. स्वच्छ टाक्या, निवडक जीवाणूंचे विरजण आणि सल्फर डायऑक्साइडचा वेळीच वापर हे त्यावरील उपाय होत.

धोका किती? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2011 च्या अभिप्रायानुसार निरोगी व्यक्तीला एका जेवणात 50 मिलिग्रॅम हिस्टामिनपर्यंत अपाय दिसत नाही. लिटरला 10 मिलिग्रॅम हिस्टामिन असलेल्या वाइनच्या 150 मिलिलिटर पेल्यातून दीड मिलिग्रॅमच पोटात जाते. तथापि हिस्टामिनचे विघटन करणारे विकर ज्यांच्यात कमी असते त्यांना अल्प मात्रेनेही डोकेदुखी होऊ शकते. शिवाय मद्यार्क त्या विकरालाच अडवतो. नैराश्यावरील काही जुनी औषधे घेणाऱ्यांना टायरामिनमुळे रक्तदाब एकाएकी वाढण्याचा धोका असतो.

स्वित्झर्लंडमध्ये एकेकाळी लिटरला 10 मिलिग्रॅम हिस्टामिनची मर्यादा होती. पुढे ती काढण्यात आली. युरोपीय संघात माशांतील हिस्टामिनला कायदेशीर मर्यादा आहे, वाइनला नाही. ग्राहकाला अमाइन्स चवीने कळत नाहीत. अर्थशास्त्रात ज्याला माहितीची विषमता म्हणतात तिचे हे चांगले उदाहरण होय, आणि अशा ठिकाणी तपासणी व लेबल यांना महत्त्व येते.

परंतु ‘कमी हिस्टामिन’ असे लेबल उद्या आरोग्याची हमी म्हणून विकले जाऊ नये. 13 टक्के मद्यार्काच्या त्याच पेल्यात सुमारे 15 ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे हिस्टामिनच्या दहा हजारपट. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना 1988 मध्येच कर्करोगकारक ठरविले आहे.