नाव चोरलं की शब्द? ऑनलाइन गैरवापर झाल्यास काय करावे



समजा, बार्शीच्या एका बाईंचं नाव आणि फोटो लावून कुणीतरी खातं उघडलं आणि पालकांना मेसेज केला, "सहलीचे पैसे या नंबरवर टाका." आणखी कुणी त्याच बाईंनी लिहिलेला पाठ स्वतःच्या नावाने टाकला. दोन्हीकडे नुकसान बाईंचंच. पण कायद्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे मार्गही वेगळे आहेत.

1. आधी पुरावा
रागाच्या भरात लगेच कमेंट करू नका, समोरचा मजकूर पुसून मोकळा होतो. स्क्रीनशॉट, पूर्ण लिंक, तारीख आणि वेळ जपा. मूळ मेसेज डिलीट करू नका. मग पालकांच्या ग्रुपवर सावध करा.

2. नाव चोरलं असेल तर
माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 66 (सी) ओळखचोरीसाठी आणि 66 (डी) तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीसाठी आहे. दोन्हींत 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न बोललेले शब्द तोंडी घालून बदनामी केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे. मात्र हा गुन्हा अदखलपात्र असल्याने न्यायालयात फिर्याद द्यावी लागते.

जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर यांचा चेहरा आणि आवाज वापरून एका गेमिंग ॲपची खोटी जाहिरात फिरली. त्यांनी लोकांना जाहीरपणे सावध केलं आणि मुंबईत गुन्हाही नोंदला गेला. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या.

3. शब्द चोरले असतील तर
इथे कॉपीराइट कायदा, 1957 लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क आला. कलम 57 नुसार लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क लेखकाचा आहे. पण कल्पनेवर मालकी नसते. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक कुणीही शिकवावेत. तुम्ही लिहिलेला पाठ मात्र तुमचा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल, तर कॉपीराइट संस्थेकडे असू शकतो. नेमणुकीच्या अटी वाचून ठेवा.

4. जायचं कुठे?
पहिली तक्रार त्या ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तोतया खात्याबाबत 2021 च्या मूळ नियमांनी कारवाईसाठी 24 तासांची मुदत घालून दिली होती. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत तक्रार करा. शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तालुक्यांसाठी सोलापूर ग्रामीण पोलीस. दखलपात्र गुन्हा हद्दीबाहेरचा असला, तरी 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. पैसे गेले असतील, तर आधी 1930 लावा.

5. टीका म्हणजे गैरवापर नव्हे
2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यावेळी लावलेलं कलम 66 (ए) सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केलं. म्हणून तक्रारीत ते लिहू नका. कुणी स्वतःच्या नावाने तुमच्या शिकवण्यावर नाराजी लिहिली, तर त्याला उत्तर द्या, पोलीस नकोत. मुलांनाही हा फरक वर्गात आणि घरी जरूर समजावून सांगा.